खंडेनवमीची नोंद

समुद्राचं मला काही विचारू नका. चौसष्ट वर्षांत मी तो दोनदा पाहिला, दोन्ही वेळा गोकर्णाला, आणि दोन्ही वेळा चपला हातात धरून. तरी गेली साडेतीन वर्षं समुद्र माझ्या डोक्यावर बसलाय. मुंबईपासून कितीतरी आत, भर पाण्यात उभ्या असलेल्या तेलाच्या रिगवर एक व्हॉल्व्ह गळला आणि त्याचा जाब द्यायला हुबळीच्या गोकुळ रोडवरची ही म्हातारी सापडली. देवालाही बरी माणसं मिळतात.

मी शालिनी. आमचं वर्कशॉप अप्पांनी, म्हणजे वडिलांनी काढलं. आता धाकटा भाऊ रामचंद्र चालवतो. मी लग्न केलं नाही, का ते विचारू नका, ती वेगळी कटकट आहे. धारवाडला बीएस्सी झाले आणि तपासणीच्या टेबलावर बसले, ती अजून बसलेलीच आहे. धारवाडजवळच्या केलगेरीहून रोज सकाळी हुबळीची जलद चिगरी बस धरते, गुडघा कुरकुरतो, त्याला म्हणते गप बस, संध्याकाळी परत जायचंच आहे.

माझं काम सांगायला सोपं. व्हॉल्व्ह पाण्याने भरायचा, पंपाने दाब चढवायचा, पंधरा मिनिटं धरायचा. थेंब आला तर नापास, नाही आला तर ठीक. मग रजिस्टरमध्ये नोंद आणि मालाबरोबर जायचा दाखला, दोन्ही माझ्या हातचे. खाली रामचंद्राचा शिक्का. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर येऊन वीस वर्षं झाली, पण दाखला मी हातानेच लिहिते. अप्पा म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून खंडेनवमीला नव्या रजिस्टरची पहिली ओळ माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

खंडेनवमी म्हणजे इकडची आयुधपूजा. त्या दिवशी सगळ्या गोकुळ रोडवर एक मशीन फिरत नाही. आदल्या दिवशी पुसूनपासून, तेल लावून ठेवलेल्या लेथला झेंडूच्या माळा, पंपाला विभूतीचे पट्टे, दारात कोहळा फोडायचा, चुरमुरे आणि पेढे वाटायचे. पाटावर मायक्रोमीटर, पाने, हातोडे आणि रामचंद्राचा शिक्कासुद्धा मांडलेला असतो. पूजेला लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. फक्त नवं रजिस्टर उघडायचं, वर श्री काढायचा, कुंकवाचं बोट लावायचं आणि एक नोंद करायची. ती कधी नापासाची नसते, वर्षाची सुरुवात नापासाने कोण करेल? म्हणून आठवड्यात झालेल्या एखाद्या चांगल्या कामाचीच ओळ पुन्हा लिहायची, 'तपासले, ठीक'. पन्नास वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

दोन हजार एकवीसला बिघडलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला बारा व्हॉल्व्ह द्यायचे होते. तो ते पुढे तेल कंपनीला देणार होता. अकरा तपासून झाले होते. नवव्याचं ओतकाम भट्टीवरून उशिरा आलं, तो जोडून झाला खंडेनवमीच्या आदल्या रात्री, आणि सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक दारात हजर. पंपाच्या गळ्यात माळ. रामचंद्र म्हणाला, "अक्का, पहिली ओळ नवव्याचीच लिही. ट्रक उद्या दुपारी सुटणार, उद्या सकाळी माळ काढली की पहिलं तेच काम." मी लिहिलं. दाखलाही लिहिला. रामचंद्राने पाटावरचा शिक्का उचलून मारला आणि परत पाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी येईपर्यंत ड्रायव्हर सकाळीच माल घेऊन गेला होता, मुहूर्त चांगला होता म्हणे.

मी भांडले का? थोडं. फोन करून माल परत मागव म्हटलं. रामचंद्र म्हणाला, अकरा ठीक निघाले, या एकाला काय धाड भरलीय. आणि मी चहा पिऊन टेबलावर बसले. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

फेब्रुवारीत तो व्हॉल्व्ह समुद्रात गळला. कुणी मेलं नाही, देवाची कृपा. पण विहीर बंद करावी लागली, रिग एकोणीस दिवस नुसती उभी राहिली, आणि तेल कंपनी आणि रिगवाली कंपनी एकमेकांच्या उरावर बसल्या. करारात लिहिलेलं होतं की भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. तीन पंच, तिघेही निवृत्त. रिगवाले म्हणत, तुम्ही दिलेला व्हॉल्व्हच खराब. तेलवाले म्हणत, व्हॉल्व्ह तपासलेला होता, हा बघा दाखला. तुमच्या माणसाने बोल्ट वाकडेतिकडे आवळले.

तो माणूस म्हणजे शंकर. आमच्या शेवंताचा मुलगा.

शेवंता अळणावरजवळच्या खेड्यातली. सव्वीस वर्षं आमच्याकडे कडा घासायचं काम करते, मशीन पुसते, पूजेची मांडामांड करते. शंकर आयटीआय करून आमच्याकडेच फिटर झाला. मायक्रोमीटर कसा धरायचा ते मी त्याला शिकवलं, त्याच्या बोटांवर पट्टीही मारलीय. मग तो रिगवर गेला. गावात पहिलं पक्कं घर त्याने बांधलं. गळती झाली त्याच आठवड्यात रिगवाल्यांनी घाबरून अहवाल केला, 'फिटरची चूक, शंकर', आणि त्याला किनाऱ्यावर आणून सोडलं. नंतर त्यांनी लवादात बाजू बदलली, पण तो अहवाल तसाच राहिला. कुठल्याही रिगवर नाव द्यायला गेला की उत्तर एकच, निकाल लागू दे. तेव्हापासून तो अळणावरला ट्रॅक्टर दुरुस्त करत बसलाय.

आणि त्याची आई रोज माझ्या टेबलाखालून केर काढायची. एकदाही काही विचारलं नाही. कधीमधी एवढंच, "अक्का, तारीख कवा हाय?" मी म्हणायचे, पुढे गेली. कधी पंचाचं डोळ्याचं ऑपरेशन, कधी वकिलाच्या मुलीचं लग्न, कधी कागदांचा नवा गठ्ठा आला म्हणून. अकरा तारखा पुढे गेल्या. "साकात बिडु," शेवंता म्हणायची, पुरे झालं बाई, आणि केरसुणी पुढे ढकलायची.

मी तेल कंपनीची साक्षीदार. रजिस्टरप्रमाणे तपासणी झाली असं प्रतिज्ञापत्र माझ्या नावाने टाइप होऊन आलं, मी सही केली. रामचंद्र पेन घेऊन शेजारी उभा होता. बावीस माणसांची चूल या छपरावर चालते, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. वेदश्री नावाची त्यांची वकील मुंबईहून रोज फोन करायची. पोर गोड, पण उंटावरून शेळ्या हाकणारी. "मॅडम, जेवढं विचारतील तेवढंच. पूजेचं विचारलं तर सकाळी चाचणी झाली, दुपारी पूजा." हे वाक्य तिला रामचंद्राने दिलं होतं. तिला बिचारीला ते खरंच वाटत होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी तिने मला कागद पाठवले. त्यात शंकरची उलटतपासणी होती, मागच्याच आठवड्यात झालेली. मी वाचणार नव्हते. डोळे दुखत होते, अंग मोडून आलं होतं, वरण फोडणीला टाकायचं होतं. तरी वाचलं.

रिगवर नियम असा की कागदाबद्दल शंका असेल तर बसवण्याआधी व्हॉल्व्ह डेकवर पुन्हा तपासायचा. तेलवाल्यांच्याच वकिलाने त्याला विचारलं होतं, तुम्ही पुन्हा का तपासला नाही? शंकरने उत्तर दिलं होतं, "साहेबांनी मला विचारलं, शंका आहे का? मी नाही म्हटलं. दाखला आमच्या अक्कांच्या हातचा होता. त्यांचं अक्षर मी ओळखतो. त्यांनी ठीक लिहिलं म्हणजे ठीक." खाली वकिलाचा पुढचा प्रश्न होता, म्हणजे तुम्ही निष्काळजीपणा केला हे कबूल आहे? आणि उत्तर, होय.

वरण करपलं. मी जेवले नाही. मला माझी लाज वाटली, साधी सरळ लाज, आणि ती साडेतीन वर्षं उशिरा आली म्हणून आणखी वाटली.

साक्ष मार्चमध्ये, विद्यानगरच्या एका हॉटेलात, बैठकीच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. दहाची वेळ दिली आणि दोनला बोलावलं. एसी एवढा की मी पदर डोक्यावरून घेतला. रामचंद्राला आत बसायची परवानगी नव्हती, तो बाहेर व्हरांड्यात. पडद्यावर चौकटी चौकटींत पंच, वकील, वकिलांचे वकील. मधल्या पंचाचं वय माझ्यापेक्षा जास्त असावं, दर थोड्या वेळाने चष्मा काढून नाक चोळत होते. ते माझ्याइतकेच कंटाळलेले दिसत होते, त्यामुळे मला जरा धीर आला.

रिगवाल्यांच्या वकिलाने रजिस्टरचं पान पडद्यावर आणलं. तारीख चौदा ऑक्टोबर. मोठं केलं. माझं गोल अक्षर केवढं तरी दिसायला लागलं.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"वर हा डाग कसला? तेलाचा?"

"कुंकवाचा."

त्याला कळेना. तपासणीच्या रजिस्टरला कुंकू कशाला, त्याने विचारलं. खरं म्हणजे त्याला पुढच्या पानावर जायचं होतं, हे नुसतं जाता जाता विचारलेलं. मी 'पूजेचं' म्हणून थांबले असते तर तो गेलाच असता. वेदश्रीची चौकट खालच्या कोपऱ्यात होती, ती पेनने कागदावर काही लिहीत होती.

मी म्हटलं, "त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी मशीन चालत नाही. पंपही नाही. ही नोंद मुहूर्ताची आहे."

"म्हणजे चाचणी?"

"झाली नाही. नंतरही झाली नाही. ट्रक गेला."

वेदश्रीचं पेन थांबलं. मधल्या पंचांनी चष्मा घातला. ते म्हणाले, बाई, तुमचं प्रतिज्ञापत्र वेगळं सांगतं, याचा परिणाम काय होऊ शकतो माहीत आहे ना? मी म्हटलं, "माहीत आहे. ते खोटं आहे, सही माझी आहे. आणि आणखी एक लिहून घ्या. शंकरने दाखल्यावर विश्वास ठेवला तो माझं अक्षर बघून. तो निष्काळजीपणा असेल तर आधी माझा."

"हे तुम्हाला विचारलेलं नाही," वकील म्हणाला.

"मग विचारा," मी म्हटलं.

बाहेर आले तर रामचंद्र खुर्चीवर बसून होता. वेदश्रीचा फोन त्याला आधीच आला होता. गाडीत उणकल तळ्यापर्यंत तो समोरच्या ट्रकांना हॉर्न देत राहिला. मग म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस." नवनगर मागे गेलं तेव्हा पुन्हा म्हणाला, "माझ्याशी बोलली असतीस तरी." मी म्हटलं, "बोलले असते तर तू मला थांबवलं असतंस, आणि मी थांबले असते." ते खरंच होतं. केलगेरीला दारात सोडून तसाच परत गेला, पाणीसुद्धा न घेता.

मुंबईच्या व्यापाऱ्याने आम्हाला काम देणं बंद केलं. बावीस माणसांची पंधरा झाली. ज्यांना जावं लागलं त्यांतल्या दोघांनी मला नमस्कार करायचं सोडलं. मी त्यांना दोष देत नाही. मला वाटत होतं, निकालात एकदा लिहून येऊ दे, व्हॉल्व्ह तपासलेला नव्हता, मग शंकर सुटला. तेवढ्या एका वाक्यासाठी मी जगत होते म्हणा ना.

जुलैत वेदश्रीचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच गोड. दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली होती. त्यांना पुढचं मोठं काम एकत्र करायचं होतं. तडजोडीचा निवाडा, त्यात कारणं नाहीत, कुणाची चूक ते नाही. माझ्यावरही काही कारवाई नाही.

"आणि शंकरचा अहवाल?"

"तो कंपनीचा आतला कागद आहे, मॅडम. आमचा विषय नव्हता."

"मी जे बोलले ते?"

"ते गोपनीय. लवादात झालेलं बाहेर सांगता येत नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं ठेवलं. एवढी थकले होते की रडायलाही आलं नाही. शेवंता केर काढत होती. तिने नेहमीचं विचारलं, तारीख कवा हाय? मी म्हटलं, "तारीख संपली शेवंता. निकाल नाही." ती वाकलेली सरळ झाली आणि म्हणाली, "मग ट्रॅक्टरच बरा म्हणायचा." आणि टेबलाखालचा केर ओढून घेऊन गेली.

ऑक्टोबरात पुन्हा खंडेनवमी आली. पंधरा माणसं, माळाही कमी. शेवंताने पाट मांडला, मायक्रोमीटर, पाने, हातोडे, शिक्का. कोहळा फुटला. रामचंद्राने नवं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मार्चपासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. मी श्री काढला, कुंकवाचं बोट लावलं, आणि लिहायला लागले. तो पेढ्याचा पुडा सोडत होता. ओळ संपेना तेव्हा त्याने वाकून बघितलं.

मी लिहिलं होतं: 'दि. १४ ऑक्टोबर २०२१ ची, व्हॉल्व्ह क्रमांक ९ ची नोंद खोटी आहे. त्याची दाब चाचणी या वर्कशॉपमध्ये कधीही झाली नाही. तो नापास समजावा. बसवणाऱ्या फिटरने आमच्या दाखल्यावर विश्वास ठेवला.' हेच एका लेटरहेडवरही उतरवलं, रिगवाल्यांसाठी आणि जो मागेल त्याच्यासाठी. लवादात मी काय बोलले ते सांगायचं नाही ना, नाही सांगत. पण माझ्या रजिस्टरमध्ये मी काय लिहायचं हे कुठल्या पंचाने सांगितलेलं नाही.

"पहिल्या ओळीला नापास," रामचंद्र म्हणाला.

"होय."

"राहिलेले पंधराही जातील, अक्का."

"जातील कदाचित. शिक्का मार."

त्याने पाटाकडे बघितलं. "शिक्का पूजेला लागलाय. आज उचलायचा नाही."

"त्या वर्षी उचलला होतास."

तो खाली बसला, तिथेच, लेथच्या पायाशी, नव्या धोतरानिशी. एकसष्ट वर्षांचा माझा भाऊ, मला एकदम अप्पांसारखा म्हातारा दिसला. पाटाकडे बघतच म्हणाला, "उद्या सकाळी." मी म्हटलं, "त्या वेळीही उद्या सकाळी म्हणाला होतास." तो म्हणाला, "या वेळी ट्रक नाही."

दसऱ्याच्या सकाळी सातची बस धरून मी पोचले, तर शटर आधीच वर होतं. पाटावरची माळ काढलेली. लेटरहेडवर शिक्का होता, सरळ, ठळक, आणि खाली त्याची सही. रजिस्टरवरही. रामचंद्र आतल्या खोलीत पाठ करून बसला होता. मी त्याला हाक मारली नाही, नुसता चहा करून ठेवला.

नऊच्या सुमाराला शेवंता आली, मागे शंकर. दसऱ्याला इकडे बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात, 'बन्नी घ्या, बंगारासारखे राहा' म्हणतात, बंगार म्हणजे सोनं. शंकरने माझ्या हातात बन्नी ठेवली आणि पाया पडला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, नखांत ट्रॅक्टरचं काळं तेल. मी त्याला बन्नी दिली नाही, कागद दिला.

तो तसाच घडी करून खिशात घालायला लागला. माझ्या हातचा ना.

"घडी करू नकोस," मी म्हटलं. "आधी तपास."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उजेडाकडे तोंड करून उभा राहिला. ओळीखाली बोट धरून वाचायला लागला, तारीख, क्रमांक, पुन्हा तारीख. शेवंताला वाचता येत नाही, ती त्याच्या बोटाकडे बघत होती. शेवटच्या ओळीपाशी ते बोट थांबलं. त्याने दुसऱ्यांदा पहिल्यापासून वाचलं, शिक्का बघितला, सही बघितली.

मग म्हणाला, "ठीक आहे, अक्का."